भिंतीच्या उत्तरेचं घर

समुद्र बघून आलं की माणसं शांत होतात म्हणे. मी कोकणातून परत येऊन पंधरा दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. बायको म्हणाली, लिहून काढा, निदान भांडी आपटणं तरी थांबेल. म्हणून लिहायला बसलो. ज्यांना सूर्यास्त आणि सोलकढीबद्दल वाचायचंय त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात आहे, समुद्राला लागून आहे, एवढं पुरे. माझी मुलगी तिथे नांदते.

आधी माझ्याबद्दल सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. मी सोलापूरचा. जलसंधारणाच्या कामावर सुपरवायझर म्हणून उभी नोकरी झाली. माढा, करमाळा, सांगोला, जिथे बदली झाली तिथले नाले अडवले. आमच्याकडे पाणी म्हणजे पळून जाणारी वस्तू. वर्षातून चार-दोनदा येतं, ते पळायच्या आत धरायचं. नाल्यात कठीण खडक लागेपर्यंत खणायचं, काठावरची झाडंझुडपं साफ करायची आणि सिमेंटची उभी भिंत आडवी घालायची. असे किती बांध घातले ते आता आठवत नाही, पण एकही वाहून गेला नाही. त्याचा मला गर्व होता. होता म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी व्याह्यांचा फोन आला. व्याही मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेले. सगळी पुंजी घालून त्यांनी गावी समुद्राकाठी जागा घेतली, घर बांधलं, माड लावले. मुलगी प्रज्ञा, जावई आणि सासूसासरे त्याच घरात राहतात. "जय भीम साहेब," व्याही म्हणाले, "समुद्र दोन माड घेऊन गेला. तुम्ही बांधातले जाणकार. काय करावं?"

आता मुलीच्या बापाला व्याह्यासमोर कसं उभं राहावं लागतं हे ज्याला मुलगी आहे त्यालाच कळेल. आम्ही कितीही शिकलो, कितीही सभांना गेलो, तरी व्याही बसल्यावर आपण बसायचं, त्यांनी घास उचलल्यावर आपण उचलायचा. लग्नापासून पहिल्यांदाच तो माणूस मला काहीतरी विचारत होता. मी ती संधी सोडली नाही. तासभर बोललो. संध्याकाळी कागदावर नकाशा काढून फोटो पाठवला. कठीण लागेपर्यंत पाया, उभी भिंत, सिमेंटचे सांधे, एक थेंब आत जायला नको. किनाऱ्यावरचं सगळं तण आधी काढून टाका, असंही लिहिलं. पावसाळ्यातला समुद्र मी आयुष्यात बघितला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

भिंत झाली. व्याह्यांनी फोटो पाठवले. मी ते सोलापुरात ओळखीच्या प्रत्येक माणसाला दाखवले.

निघताना

या मे महिन्यात व्याह्यांचा पुन्हा फोन. भिंत उत्तरेकडे वाढवायची आहे, तुमच्या हातानं आखणी करून द्या, अमावास्येच्या आत या. अमावास्येचं काय, ते मी विचारलं नाही. टेप, ओळंबा, सुतळी पिशवीत भरली. बायको सुमन. तिने नववी-दहावीला भूगोल शिकवण्यात हयात घालवली, परवाच निवृत्त झाली. ती पिशवीकडे बघत होती पण काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याची मला सवय आहे, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

तिने वाटेसाठी कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणी घेतली होती. आमची कडक भाकरी पंधरा दिवस टिकते, मोडली तर कट्कन आवाज येतो. घाट उतरून खाली आलो आणि दुपारी डबा उघडला तर भाकरी ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. एका दिवसात. हवेतच पाणी, आणि ते कुणालाच नको असलेलं. मी गाडीतच चिडलो. शेजारचा प्रवासी हसला आणि म्हणाला, कोकणात आलात तुम्ही. जणू माझीच चूक होती.

पोचलो त्या दिवशी

घरी पोचताच पाणी, चहा, मग ताटं. विहीणबाईंनी सुरमईचं कालवण आणि भात वाढला. आमच्याकडे पाहुण्याला आधी भाकरी वाढतात आणि भात शेवटी, पोट भरल्यावर. इथे भातापासून सुरुवात आणि भातावरच शेवट. कालवण चांगलं होतं हे कबूल करतो. पण माझं चित्त भिंतीकडे होतं. जेवण झालं तसा हात धुवून परसातून खाली उतरलो.

भिंत बघून माझी छाती भरून आली. पुरुषभर उंच, काळा दगड, सांधे भरलेले. मी पिशवीतून ओळंबा काढला आणि लावून बघितला. भिंत सुताइतकीही कललेली नाही. दोन पावसाळे अंगावर घेऊन कुठे तडा नाही.

"हलली नाही बघा," व्याही म्हणाले.

"हलणार कशी? पाया कठिणात हाय," मी म्हणालो.

मग मी एका दगडावर चढून भिंतीवरून पलीकडे वाकून बघितलं. लग्नाच्या वेळचा एक फोटो आमच्या घरी टीव्हीवर आहे. त्यात याच जागेपुढे पुळण, म्हणजे वाळूचा मोठा पट्टा आहे, वऱ्हाडातली पोरं तिथे क्रिकेट खेळताहेत. आता भिंतीच्या पायाशी पाणी होतं. वाळू नव्हतीच. काळे खडक उघडे पडले होते आणि लाट त्यांच्यावरून येऊन भिंतीवर थडकत होती.

"वाळू कुठं गेली, पाव्हणं?"

"गेली. पण भिंत हलली नाही."

वाऱ्याची झुळूकही नव्हती. माडाची झावळी हलत नव्हती. आणि तरी लांबच्या लांब, सावकाश, एकामागून एक लाटा येत होत्या. आमच्या उजनीच्या पाण्यावर वारा असेल तरच तरंग उठतात, वारा पडला की पाणी काचेसारखं. मी चिडून म्हणालो, "वारं न्हाय, काय न्हाय, मग ह्या लाटा कोण ढकलतंय?"

उत्तर भिंतीच्या उत्तरेकडून आलं. "वारा हितं कशाला हवा? तो तिकडं भर दर्यात सुटलाय. त्याचं पत्र हितं आठ दिसांनी येतं."

बोलणारी बाई डोक्यावर हंडा घेऊन उभी होती. पन्नाशीची, लुगडं कासोट्याचं. या ताराबाई. घर भिंतीला लागूनच, उत्तरेला. नवरा लांबच्या बंदरात ट्रॉलरवर असतो, पावसाळ्यात बंदी लागली की घरी येतो. त्या सुकी मासळी करून विकतात. मी हंड्याकडे बघत राहिलो. डोक्यावर हंडा घेतलेली बाई आमच्याकडे जागोजागी दिसते, पण इथे, एवढ्या पाण्याकाठी?

"विहीर खारट झाली आमची," ताराबाई म्हणाल्या. "गेल्या गनपतीपासून. वर वाडीत जाऊन आनावं लागतंय."

मी चार पावलं पुढे गेलो. जिथे माझी भिंत संपत होती तिथून पुढे जमीन नव्हती. म्हणजे होती, पण भाकरीचा लचका तोडावा तशी तुटलेली. भिंतीच्या टोकापासून आत वळून समुद्राने ताराबाईंच्या परसात घर केलं होतं. दोन माडांची मुळं उघड्यावर लोंबत होती. त्यांच्या पडवीचा मागचा कोपरा हवेत होता, खाली नुसती पोकळी.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

"तुमची भिंत झाली तवापासनं," त्या म्हणाल्या आणि पाणी घेऊन आत गेल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उलट भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी, ओहोटीला

रात्रभर मनातल्या मनात सगळ्यांवर चिडत होतो. समुद्रावर, गवंड्यावर, व्याह्यांवर. सकाळ गेली, दुपारी चारला पाणी पार खाली गेलं तेव्हा सुमन म्हणाली, "चला, दाखवते." ती पदर खोचून भिंतीच्या दक्षिणेला गेली, जिथे अजून थोडी वाळू शिल्लक होती. मी मागून. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचा तास ऐकला.

लांब पाण्यावर एक वाळका नारळ तरंगत होता. "त्याच्याकडे बघा," ती म्हणाली. लाट आली, नारळ वर गेला. लाट गेली, नारळ खाली आला, जवळजवळ तिथल्या तिथे. दहा लाटा गेल्या तरी नारळ काठाला आला नाही.

"तुम्हाला वाटतं समुद्राचं पाणी चालून येतं, ओढ्याला पूर येतो तसं. तिथे पाणी येतच नाही. पाणी नुसतं वर-खाली होतं, येतो तो जोर. तिकडे दूर वारा तासन् तास पाणी घासतो, त्यातून तरंग, तरंगातून लाट. वारा थांबला तरी लाट चालत राहते. काठाशी खोली कमी झाली की तिचा पाय तळाला अडखळतो आणि ती तोंडावर पडते. हा एवढ्या लांबून आणलेला जोर तिला कुठेतरी टाकायचा असतो."

"मग टाकू दे की भिंतीवर. म्हणून तर भिंत."

"भिंत तो घेत नाही, परत फेकते. बघितलंत ना काल? आलेली लाट थडकून उलटी जाते आणि जाताना पायाशी असलेली वाळू खरवडून नेते. उताराची पुळण असली की लाट वर चढते, दमते, अर्धं पाणी वाळूत जिरतं. जिरवायला वाळूच लागते."

जिरवायला. मी आयुष्यभर भिंतींवर रंगवून घेतलेला शब्द ती मला समुद्राच्या काठी शिकवत होती.

मग तिने वाकून वाळूत रेघा ओढल्या. इथल्या लाटा काठाला सरळ येत नाहीत, तिरक्या येतात. वाळूचा कण तिरका वर चढतो आणि उताराने सरळ खाली येतो. असं करत करत तो दिवसभरात पुढे सरकतो, इथे उत्तरेकडे. म्हणजे ताराबाईंच्या दारातली वाळू ही त्यांची स्वतःची नव्हेच. ती व्याह्यांच्या दारावरून तिथे जायची. आम्ही इकडे भिंत घालून वाळूच संपवली, तिकडे पुढे काय जाणार? पुळण उपाशी राहिली. आणि भिंतीला घासत आलेली लाट टोकाशी पोचली की जिथे अडवणारं काही नाही तिथे वळून घुसणार.

मी ओरडलो, "हे सगळं तुला ठाऊक होतं? मग तवा का बोलली न्हाईस?"

सुमन उभी राहिली. हाताची वाळू झटकली. "बोलले होते. तुम्ही नकाशा काढत होतात, मी पोळ्या लाटत होते. मी म्हटलं, समुद्राला उभी भिंत चालत नाही, नववीच्या पुस्तकात आहे. तुम्ही म्हणालात, पुस्तक शिकवणं येगळं आणि बांध घालणं येगळं. तुझ्या पोळ्या करपतायत बघ."

म्हणालो होतो. शब्द न् शब्द.

"एकदा म्हणून गप्प बसलीस?"

"हो, बसले. तीच माझी चूक. तिचाही मला राग येतोय, फक्त तुमच्यासारखा ओरडून येत नाही."

ताराबाई वरून आमचं भांडण बघत होत्या. खाली आल्या आणि सुमनशी बोलायला लागल्या, मला वगळून. "बाई, दर्या वाळू न्हेतो, ते काय नवं नाय. पावसात न्हेतो, थोडी भायेर नेऊन ठेवतो. गनपती झाले की शांत लाटांसंगं परत आनून टाकतो. माज्या सासूच्या येळेपासून ह्येच चाललंय. पुळणीच्या वर वाळूचा उंचवटा व्हता. त्याच्यावर केवडा नि मर्यादवेल. त्या वेलीच्या अलीकडं दर्या येत नाय, म्हणून तिचं नाव तसं. ती वाळू धरून ठेवते. लईच उधाण आलं तर त्या उंचवट्यातली थोडी वाळू खातो नि जातो. पोटाला मिळालं की मानूस कशाला भांडेल?"

"मग ती वेल कुठे गेली?" सुमनने विचारलं.

ताराबाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "ह्यांच्या कागदावर लिवलं व्हतं, तण काढा. मशीन आणलं, एका दिसात उंचवटा सपाट. मी आडवी गेले. तुमचे व्याही म्हनाले, सोलापूरचे साहेब सांगतायत, ते धरणं बांधतात."

मी कधी धरण बांधलेलं नाही. आमच्या रानात बांध घालताना आधी तण काढतात, नाहीतर मुळांच्या वाटेने पाणी पाझरून बांध फुटतो. ते मला पाठ होतं. वाळूला मुळंच धरतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि विचारायचं मला सुचलं नव्हतं. आणखी एक गोष्ट तिथे उभा असताना डोक्यात आली आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आम्ही हातभर रुंदीच्या ओढ्यावर बांध घातला तरी त्याला सांडवा ठेवतो, जादा पाणी जायला वाट. ओढ्याचा एवढा मान राखणाऱ्या मी समुद्राला वाट ठेवली नव्हती.

त्याच संध्याकाळी

व्याही आखणीची वाट बघत अंगणात बसले होते. सुतळी आणि खुंट्या तयार. जावई कामावरून आलेला, प्रज्ञा चहा देत होती.

मी म्हणालो, "आखणी करणार न्हाय. भिंत वाढवली तर ताराबाईंच्या पुढचं घर जाईल, मग त्याच्या पुढचं. आहे ती भिंतसुद्धा वरून उतरवायला पायजे. दगड उताराने सुटे पसरून टाका, सांधे न भरता, म्हणजे लाट त्यात शिरून दमेल. त्याच्या मागं वाळूचा उंचवटा करून केवडा, मर्यादवेल लावा. सल्ला माझा चुकला."

व्याह्यांनी कप खाली ठेवला. "चुकला? दोन वर्षांनी?"

"व्हय. चुकला."

"साहेब, आयुष्यभर मी चाळीतल्या खोलीत राहिलो. हे एक घर बांधलं. तुम्हीच म्हणालात भिंत घाला. आता तुम्हीच म्हणताय काढा. उद्या समुद्र माझ्या अंगणात आला तर? तेव्हा फोनवर आणखी एक नकाशा पाठवाल?"

राग त्यांचा खरा होता. पण मलाही राग आला होता आणि माझा राग आवरत नाही. मी म्हणालो, "ताराबाईंच्या अंगणात आलाय की. ते तुम्हाला दिसत न्हाय?"

"मला माझं घर दिसतं. तुमच्या मुलीचं घर आहे ते. तुम्हाला कुणाचं दिसतंय?"

विहीणबाई आत गेल्या. जावई नखं बघत बसला. मी प्रज्ञाकडे बघितलं, वाटलं लेक काहीतरी बोलेल. ती बोलली, पण मला हवं ते नाही. "पप्पा, तुम्ही परवा गाडीत बसाल. मला इथेच राहायचंय." एवढं म्हणून तिने कप गोळा केले. मी तिच्यावरही चिडलो. आता लिहिताना वाटतं, तिने खोटं काय सांगितलं होतं?

अमावास्या

समुद्राकाठी अमावास्या-पौर्णिमेला भरती सगळ्यात चढते, तिला उधाण म्हणतात. चंद्र आणि सूर्य एका रेषेत येऊन पाणी ओढतात. त्यात दूरच्या वाऱ्याच्या त्या लांब लाटा आलेल्या. एकावर एक. अमावास्येच्या आत या, असं व्याही का म्हणाले होते ते मला आता कळलं. इथे भरती अकराच्या पुढे पूर्ण होते.

सकाळी सातला बाहेर आलो तर ताराबाई शिडी लावून स्वतःच्या घरावर चढल्या होत्या. छपराच्या मागच्या उताराची, पाखेची, कौलं काढत होत्या.

"काय करताय?" मी खालून ओरडलो.

"कौलं काढते. भिंत पडली तर कौलं फुटतील. नवीन कुटनं आनू?"

मी चप्पल काढली आणि शिडीखाली उभा राहिलो. त्या एकेक कौल द्यायच्या, मी खाली घ्यायचो, सुमन नेऊन पुढच्या अंगणात रचायची. तीस वर्षं मी साइटवर उभा राहून दुसऱ्यांना हे दे, ते घे म्हणत आलो. कौल हातात कसं धरायचं तेही मला माहीत नव्हतं. पहिलं फुटलं. ताराबाई म्हणाल्या, "दोन हातांनी धरा." त्यानंतर फुटलं नाही.

नऊच्या सुमाराला प्रज्ञा आली. साडी खोचलेली, डोक्याला रुमाल. कुणाला काही न सांगता सुमनच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली आणि कौलं पुढे द्यायला लागली. वरून व्याह्यांनी हाक मारली, एकदा, दोनदा. ती गेली नाही. मग आम्ही भांडी काढली, सुक्या मासळीच्या पाट्या काढल्या, एक लाकडी पेटी दोघांनी उचलून बाहेर आणली. वाडीतली चार माणसं आली. सगळे मला ओळखत होते, ते कळत होतं.

अकरा वाजता मी भिंतीच्या टोकाशी जाऊन उभा राहिलो. जे केलंय ते बघायला हवं होतं. दक्षिणेकडून एक लाट तिरकी आली, भिंतीला लागली आणि फुटली नाही. भिंतीला घासत, उंच होत, धावत आली. माझी गुळगुळीत, ओळंब्यातली भिंत. तिला कुठे खाच नव्हती, कुठे सुटा दगड नव्हता, त्या लाटेला दमवायला मी काहीच ठेवलं नव्हतं. टोकाशी आली आणि वळून आत शिरली. तिच्या मागे दुसरी. पाचव्या की सहाव्या लाटेला ताराबाईंच्या पडवीखालची माती एकदम बसली. मागची भिंत आधी वाकली, मग आवाज न करता खाली गेली. चिऱ्याचे तांबडे दगड पाण्यात पडले आणि पाणी तांबडं झालं. स्वयंपाकघरातल्या फळीवर राहिलेला एक डबा वाहत गेला.

ताराबाई पुढच्या अंगणात कौलांच्या ढिगाशेजारी बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मी जाऊन समोर उभा राहिलो. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं ते असं, "काय मदत करू सांगा."

"लिवून द्या," त्या म्हणाल्या.

"काय लिहून देऊ?"

"भिंतीचं. तुमी सांगितली, तुमीच काढायला सांगताय, ते. मी दोन वर्सं ग्रामसभेत बोलतेय. म्हनतात, तुला काय कळतं? तुमचा एक कागद आला नि मशीन आलं. आता दुसरा कागद द्या. माजं घर गेलं. पुढं गोविंदाचं हाय, त्याच्या पुढं शाळा हाय."

सुमनने पिशवीतून वही काढली आणि पान फाडून दिलं. मी कौलांच्या ढिगावर पान ठेवून लिहायला बसलो. लिहायची सवय हाताला होती. आयुष्यभर अहवालच लिहिले. नाव, हुद्दा, निवृत्त. मग लिहिलं, सदर भिंत माझ्या सल्ल्यावरून बांधण्यात आली, ती काढून तिथे उताराचा दगडी भराव व वाळूचा बंधारा करावा, ती उत्तरेकडे वाढवू नये. त्याखाली लिहिलं, समुद्राच्या लाटांमुळे श्रीमती ताराबाई यांचे राहते घर पडले. सही केली आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

तोवर व्याही खाली आले होते. कौलांच्या पलीकडे उभे होते, हात मागे. ऐकत होते.

ताराबाई म्हणाल्या, "शेवटचं परत वाचा."

मी वाचलं.

"दर्यानं नाय पाडलं," त्या म्हणाल्या. "दर्या माज्या सासूच्या आदीपासून हितं हाय. खोडा ते."

माझा हात थांबला. आमच्या खात्यात बांध फुटला तर अतिवृष्टीमुळे, विहीर आटली तर अवर्षणामुळे. माणसामुळे काही झालं असं मी कधी लिहिलं नव्हतं. लिहायची रीतच नाही. व्याही माझ्याकडे बघत होते. हे एक वाक्य लिहिलं की त्याचा ठपका त्यांच्या घरावरही येणार होता, आणि माझी मुलगी त्याच घरात परत जाणार होती.

मी 'समुद्राच्या लाटांमुळे' खोडलं आणि वर लिहिलं, 'मी सांगितलेल्या भिंतीमुळे'. पुन्हा वाचून दाखवलं. ताराबाईंनी मान हलवली.

"साक्षीदार लागतो," व्याही म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. "साक्षीदाराशिवाय कागदाला कोण विचारतं?"

वाडीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सुमन पुढे झाली, पण बायकोची साक्ष चालत नाही असं कुणीतरी म्हणालं. तेव्हा प्रज्ञाने कौलांची माती लागलेला हात साडीला पुसला, माझ्या हातातून पेन घेतलं आणि सासऱ्यांच्या समोर, कागदाच्या तळाशी, सासरचं आडनाव लावून सही केली.